संकेतस्थळावरील बंदी : दोष कोणाचा?

गेल्या वर्षभरात आपल्या संघटनेतील चार-पाच वैद्यबंधूंनी आणि दोन औषधविक्रेत्यांनी मला जवळजवळ एकाच शब्दांत एकच प्रश्न विचारला. "आमचे संकेतस्थळ शोधयंत्रात दिसेनासे झाले आहे, कोणाला सांगावे?" हा प्रश्न माझ्याकडे येतो तो मी संगणकाचा जाणकार आहे म्हणून नव्हे. पनवेल येथील माझ्या चिकित्सालयाचे संकेतस्थळ २०२२ च्या पावसाळ्यात शोधयंत्राने आपल्या सूचीतून काढून टाकले होते व ते परत आणण्यात माझे साडेचार महिने गेले, ही वार्ता आपल्या मंडळीत केव्हाच षट्कर्णी झालेली आहे. तेव्हा जे झाले ते लपविण्यात अर्थ नाही. उलट ते सविस्तर सांगितले तर काहींचा पैसा आणि कदाचित एखाद्या रुग्णाचे प्राणही वाचतील, अशा हेतूने हा लेख लिहीत आहे.

वरील प्रश्नातील "कोणाला सांगावे" हे शब्द मला खटकतात. रुग्ण आसनावर टेकण्यापूर्वीच "कोणते औषध घेऊ?" असे विचारतो, त्या वेळी आपण त्याला काय उत्तर देतो? प्रथम निदान, मग औषध. संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र आपण स्वतःच ते घाईचे रुग्ण होतो आणि जो कोणी "मी परत आणून देतो" म्हणेल त्याच्या हाती धनादेश ठेवतो. माझे स्पष्ट मत असे की, संकेतस्थळावर बंदी आली असता ती उठविणे हे प्रथमतः त्या संकेतस्थळावर ज्याचे नाव व पदवी आहे त्या वैद्याचे काम आहे. ते दुसऱ्याकडून करून घेता येत नाही, कारण दोष बहुधा मजकुरात असतो आणि मजकुराखाली सही आपली असते.

माझी हकीकत अशी. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास, टाळेबंदीने विस्कटलेली चिकित्सालयाची घडी पुन्हा बसावी म्हणून मी संकेतस्थळे तयार करून देणाऱ्या एका संस्थेशी करार केला. दरमहा १२ हजार रुपये द्यावयाचे आणि सहा महिन्यांत 'पनवेल' व 'आयुर्वेद' हे दोन शब्द टंकले की पहिल्या पाचांत आमचे नाव यावयाचे. करारात तशी लेखी हमी होती. रोग बरा करण्याची हमी देणाऱ्यापासून दूर राहा, असे आपण रुग्णांना सांगत असतो. तोच नियम स्वतःला लावण्याचे मला सुचले नाही.

हमी पाळली गेली, हे कबूल केले पाहिजे. फाल्गुनापर्यंत दूरध्वनी वाढले, नवे रुग्ण येऊ लागले. मी संकेतस्थळ उघडून पाहिले ते पहिले पान आणि माझे छायाचित्र तेवढेच. आत काय चालले आहे हे पाहण्याची गरज मला वाटली नाही.

त्या ज्येष्ठ महिन्यात उरण तालुक्यातील पन्नाशीचे एक गृहस्थ मुलाच्या आधाराने माझ्याकडे आले. जीभ कोरडी, ग्लानी, श्वासाला तो परिचित गोडसर वास. रक्तशर्करा ४८० च्या वर. बरीच वर्षे इन्सुलिनवर असलेल्या या गृहस्थांनी ९ दिवसांपूर्वी ते आपल्या मनाने बंद केले होते. मी रागावलो, आणि त्यांना तडक अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात पाठविले. निघताना मुलाने भ्रमणध्वनी माझ्यापुढे धरला. "डॉक्टर, तुमच्याच पानावर लिवलंय की, इन्सुलिनपासून कायमची सुटका. ते वाचून बाबांनी थांबवलं." मजकुराच्या वर माझे छायाचित्र होते, खाली माझी पदवी.

ते गृहस्थ सहा दिवसांनी सुखरूप घरी परतले. मी त्याच रात्री संस्थेला दूरध्वनी करून ते पान काढून टाकावयास लावले. ते एकच पान. उरलेली दोनशेहून अधिक पाने वाचण्याची तसदी मी तेव्हाही घेतली नाही, हे लिहिताना आजही लेखणी अडखळते.

दोन महिन्यांनी, गणपतीच्या आधी, दूरध्वनी एकाएकी थांबले. चिकित्सालयाचे पूर्ण नाव टंकले तरी संकेतस्थळ येईना. संस्थेने आधी "तांत्रिक अडचण आहे" म्हटले, मग "सर्वांचेच असे झाले आहे" म्हटले, आणि शेवटी उपाय सुचविला तो असा, की ५० हजारांत नवे नाव घेऊ, तोच मजकूर तेथे हलवू, कोणाला कळणार नाही. व्याधी तसाच ठेवून रुग्णाचे नाव बदलण्याचा हा प्रकार! मी करार मोडला. तेव्हा आणखी एक गोष्ट उघडकीस आली. संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी संस्थेच्या नावे होती आणि शोधयंत्राकडून मालकाला येणाऱ्या सूचनांचे खातेही त्यांचेच होते. माझ्या चिकित्सालयाचा पत्ता इंटरनेटवर कायदेशीरपणे माझा नव्हताच. ती नोंदणी आपल्या नावावर करून घेण्यातच तीन आठवडे गेले. वाचकांपैकी ज्यांचे संकेतस्थळ आज सुरळीत चालू आहे, त्यांनी निदान एवढी एक गोष्ट आजच तपासून पाहावी.

खाते माझ्या हाती आले आणि सूचना वाचावयास मिळाली. येथे थोडे थांबून निदानाविषयी लिहितो, कारण "दिसेनासे झाले" हे लक्षण आहे, व्याधी नव्हे, आणि या एका लक्षणाची कारणे निरनिराळी असतात. भारतात बहुतेक सर्व शोध गूगलवरूनच घेतले जातात, म्हणून त्यांच्याच पद्धतीविषयी सांगतो. प्रथम शोधचौकटीत रोमन लिपीत 'साइट' हा शब्द, त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबे आणि लगेच आपल्या संकेतस्थळाचा पत्ता टंकून पाहावा. एकही पान आले नाही तर संकेतस्थळ सूचीतून गेले असण्याचा संभव मोठा. पाने आली, पण रुग्ण वापरतात त्या शब्दांना ती खाली ढकलली गेली असली, तर गोष्ट वेगळी. त्यानंतर 'सर्च कन्सोल' नावाचे विनामूल्य खाते उघडून आपण मालक असल्याचा पुरावा द्यावा. कंपनीच्या माणसाने स्वतः पाने पाहून दंड केला असेल, तर त्याची नोंद 'मॅन्युअल ॲक्शन' या सदरात कारणासह असते. या दंडाविरुद्ध फेरविचाराचा अर्ज करता येतो. तेथे काहीच नोंद नसेल, तर घसरण गणिती पद्धतीतील बदलामुळे झालेली असू शकते. तिथे अर्ज कोणाकडे करावयाचा नसतो, मजकूर सुधारून वाट पाहावयाची असते. ऑगस्ट २०१८ मध्ये गूगलने केलेल्या मोठ्या बदलानंतर जगभरातील आरोग्यविषयक अनेक संकेतस्थळे अशीच खाली गेली. आरोग्य व अर्थव्यवहार यांविषयीच्या पानांना ही कंपनी 'पैसा किंवा प्राण' अशा अर्थाच्या वर्गात घालते आणि तेथे लेखक कोण, त्याचा अधिकार काय, याकडे अधिक कठोरपणे पाहिले जावे अशी तिची भूमिका आहे. वैद्याने या भूमिकेला नावे ठेवावीत असे मला तरी वाटत नाही.

तिसरा प्रकार आगंतु. बाहेरचा कोणी जुन्या, दुरुस्त न केलेल्या प्रणालीतून आत शिरतो आणि आपल्या संकेतस्थळात परदेशी कामोत्तेजक गोळ्यांची पाने घालून ठेवतो. आपल्याला ती दिसत नाहीत, शोधयंत्राला दिसतात. त्याची सूचना सुरक्षेच्या सदरात येते. परकीची पाने काढणे, सर्व परवलीचे शब्द बदलणे, प्रणाली अद्ययावत करणे आणि मग तपासणीची विनंती करणे, हा तेथील क्रम. कधी कधी तर संकेतस्थळाची डागडुजी करताना कोणीतरी "सूचीत घेऊ नये" अशी खूण चुकून ठेवून दिलेली असते, आणि बिचारा वैद्य कंपनीला शिव्या देत असतो.

माझ्याकडे होती ती मात्र माणसाने पाहून केलेली कारवाई. कारण दिले होते ते शोधयंत्राची फसवणूक करणाऱ्या निकृष्ट मजकुराचे. वाचून प्रथम संताप आला. मी फसवणूक करणारा?

असा संताप मोठमोठ्यांनाही आला असेल. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ गूगलने सूचीतून काढले होते. शोधयंत्राला दाखविण्यासाठी एक शब्दांनी ठासून भरलेले पान आणि ग्राहकाला दाखविण्यासाठी वेगळेच, असा प्रकार तेथे होता. ती पाने काढल्यावर काही दिवसांत ते परत आले. फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकेतील जे. सी. पेनी या दुकानांच्या साखळीचे प्रकरण न्यूयॉर्क टाइम्सने उघड केले. काहीएक संबंध नसलेल्या अनेक संकेतस्थळांवर त्यांच्याकडे बोट दाखविणारे दुवे पेरलेले होते. कंपनीने आपल्याला काही माहीत नसल्याचे सांगितले व ते काम पाहणाऱ्या संस्थेला काढून टाकले. तरीही दंड सुमारे ९० दिवस भोगावा लागला. आणि जानेवारी २०१२ मध्ये गूगलने स्वतःच्याच क्रोम या उत्पादनाच्या पानाला पैसे देऊन लिहविलेल्या मजकुरापायी किमान ६० दिवसांसाठी खाली टाकले. या तीन उदाहरणांत मला महत्त्वाचे वाटते ते मधले. दलालाला हाकलले म्हणून मालक सुटला नाही.

हे मला ठाऊक असूनही माझा पहिला अर्ज नेमका तसाच होता. भाद्रपदात पाठविलेल्या त्या अर्जात मी लिहिले की, मी १८ वर्षे व्यवसाय करणारा नोंदणीकृत वैद्य आहे, मला संगणकातील काही कळत नाही, हे सर्व अमुक संस्थेने माझ्या अपरोक्ष केले, वीसएक पाने काढली आहेत, तरी कृपया बंदी उठवावी. अडीच आठवड्यांनी उत्तर आले. दोन ओळींचे. अर्ज अमान्य, नियमांचा भंग अजून चालू आहे.

मग दिवाळीची सुट्टी आली. चिकित्सालय चार दिवस बंद होते. मी ठरविले की, स्वतःच्या नावाने जे प्रसिद्ध झाले आहे ते एकदा तरी स्वतः वाचावे.

एकूण २१२ पाने निघाली. त्यांतील ८४ पाने गावांची होती. पेण, उरण, कर्जत, खोपोली, चौक, रसायनी, आपटा, नेरे, वावंजे. प्रत्येक गावासाठी एक पान, मजकूर अक्षरशः तोच, फक्त गावाचे नाव बदललेले. "अमुक गावातील सर्वोत्तम मधुमेहतज्ज्ञ." माझे चिकित्सालय एकच, जुन्या पनवेलमध्ये. यांपैकी एक पान कर्नाळ्याचे होते. कर्नाळा हे पक्षी अभयारण्य आहे, तेथील मधुमेही रुग्ण कोण हे त्या लेखकालाच ठाऊक! काही पानांच्या तळाशी पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत रोगांच्या नावांची जंत्री दडविलेली होती. माणसाला न दिसणारी आणि यंत्राने वाचावी अशी. दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवरून माझ्याकडे येणारे दुवे पाहिले, तर त्यांत परदेशातील जुगाराचे अड्डे निघाले. रुग्णांचे अभिप्राय म्हणून जी सतरा छायाचित्रे होती, त्यांतील एकही चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता.

इथवर हसू तरी येत होते. पुढे आले नाही. वमन कर्म घरच्या घरी कसे करावे याचे क्रमवार वर्णन एका पानावर होते. काही भस्मांविषयी "कोणताही दुष्परिणाम नाही, कितीही दिवस घ्यावे" असे लिहिलेले होते. अनुपान, मात्रा, काल, बल, कशाचा विचार नाही. आम्लपित्तावरील एक उत्तम लेख वाचताना शैली ओळखीची वाटली. तो माझ्या एका ज्येष्ठ सहाध्यायाचा लेख निघाला, नाव काढून माझ्या नावावर घातलेला. मी त्यांना दूरध्वनी करून क्षमा मागितली. ते म्हणाले, "मला वाटले होते तू वाचूनच घेतला असशील." या वाक्यावर मला उत्तर नव्हते.

त्या चार दिवसांत शोधयंत्रावरचा माझा राग संपला. जे माझे उरणचे रुग्ण भोगून आले होते, तेच त्या यंत्राच्या कंपनीने दोन महिन्यांनी ओळखले होते. किंबहुना बंदी आणखी लवकर आली असती, तर त्या गृहस्थांना ते पान दिसलेच नसते.

आणि शोधयंत्र बाजूस ठेवले तरी कायदा आहेच. औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ आपण विद्यार्थिदशेत वाचतो आणि विसरतो. त्याच्या अनुसूचीत ५४ रोग व अवस्था आहेत. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, अपस्मार, हृद्रोग, रक्तदाब, श्वित्र, स्थौल्य, पक्षाघात, मूत्राश्मरी, वंध्यत्व ही त्यांतील काही नावे. या रोगांवर अमुक औषध गुणकारी आहे अशी जाहिरात करता येत नाही. जाहिरातीच्या व्याख्येत छापील पत्रकापासून प्रकाश, ध्वनी वा धूर यांच्या साहाय्याने केलेल्या प्रसिद्धीपर्यंत सर्व येते. १९५४ च्या मसुदाकारांना इंटरनेट माहीत नव्हते, पण त्यांनी जाळे रुंद टाकून ठेवले आहे. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही, पुढील अपराधास एक वर्षापर्यंत. नोंदणीकृत वैद्याने आपल्या जागेत लावलेल्या पाटीला या अधिनियमात सवलत आहे. संकेतस्थळ म्हणजे दारावरची पाटीच, असे मानून चालणारे बंधू मला भेटतात. त्यांनी ते वकिलाकडून समजून घ्यावे, माझ्याकडून नव्हे. आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातींसाठी २०१८ च्या अखेरीस आलेला नियम १७० केंद्र शासनाने जुलै २०२४ मध्ये वगळला, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये त्या वगळण्यास स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते प्रकरण निकाली निघाले. या घडामोडींवरून "आता सर्व मोकळे झाले" असा सोयीस्कर अर्थ कोणी काढू नये. १९५४ चा अधिनियम जागच्या जागी आहे.

माझ्या २१२ पानांपैकी १९० हून अधिक पाने काढून टाकावी लागली. येथे एक व्यावहारिक सूचना. पाने नुसती झाकून ठेवू नयेत, अथवा सर्वांचा रोख मुखपृष्ठाकडे वळवू नये. ती खरोखर काढावीत आणि मागणाऱ्यास "हे पान आता अस्तित्वात नाही" असेच उत्तर मिळावे. पेरलेल्या दुव्यांसाठी त्या त्या संकेतस्थळांना पत्रे लिहिली. बहुतेकांनी उत्तर दिले नाही, दोघांनी दुवा काढण्याचे पैसे मागितले. जे निघाले नाहीत त्यांची यादी करून "हे आमचे मानू नयेत" असे कळविण्याची सोय गूगलने ऑक्टोबर २०१२ पासून केलेली आहे, तिचा उपयोग करावा. पण यादी करताना चांगले दुवेही त्यात ढकलू नयेत. शोधन अतिमात्र झाले की काय होते, हे वैद्याला सांगावयास नको.

दुसरा अर्ज मार्गशीर्षात गेला. तो लिहिताना मला तीनच गोष्टी सांगावयाच्या होत्या आणि गूगलचे मार्गदर्शनही नेमके त्याच तीन गोष्टी मागते. नक्की काय चुकले, ते दुरुस्त करण्यासाठी काय केले, आणि त्याचा परिणाम काय झाला. माझी पदवी, अनुभव, झालेले नुकसान, संस्थेने केलेला विश्वासघात, यांतील एक अक्षरही मी घातले नाही. "ही पाने माझ्या नावाने आणि माझ्या संमतीने प्रसिद्ध झाली, मी ती वाचली नव्हती" एवढे पहिले वाक्य. पुढे काढलेल्या प्रत्येक पानाचा पत्ता, केव्हा काढले, का काढले, आणि दुव्यांसाठी कोणाला कधी पत्र लिहिले याचे कोष्टक. रुग्णपत्रक लिहिण्याची सवय असलेल्या माणसाला हे काम अवघड नाही. फक्त या वेळी रुग्ण आपण असतो. अशा अर्जांच्या निर्णयास काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत वेळ लागतो, आणि दुव्यांचा प्रश्न असेल तर त्याहूनही अधिक. या काळात रोज नवा अर्ज पाठवू नये. मला उत्तर तीन आठवड्यांनी आले. कारवाई मागे घेतली होती.

ज्यांना असे वाटते की यानंतर सर्व पूर्ववत झाले, त्यांची निराशा करणे भाग आहे. संकेतस्थळ सूचीत परतले, पहिल्या पाचांत नव्हे. चिकित्सालयाचे नाव टंकले तर येते, 'पनवेल' आणि 'आयुर्वेद' टंकले तर पुष्कळ खाली. पूर्वीचे स्थान कृत्रिम दुव्यांच्या बळावर मिळालेले होते, ते बळ गेल्यावर स्थानही गेले. शोथाने आलेले वजन लंघनाने उतरले म्हणून रुग्ण कृश झाला असे आपण म्हणत नाही.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी दोन शब्द. आपल्यापैकी बहुतेकांची संकेतस्थळे उत्पादकाच्या माहितीपत्रकातील मजकूर जसाच्या तसा उतरवितात. तोच मजकूर इतर शेकडो दुकानांच्या संकेतस्थळांवरही असतो. अशा वेळी शोधयंत्र त्यांतील एकदोन दाखविते आणि बाकीचे बाजूस ठेवते. ही बंदी नसते, पण परिणाम तोच. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की लेबलवर परवान्यानुसार जे लिहिले आहे त्यापलीकडचे दावे संकेतस्थळावर येतात, आणि अनुसूची ई-१ मधील विषद्रव्ये असलेल्या औषधांच्या पानावर वैद्यकीय देखरेखीची सूचना सापडत नाही. कुपीवर आहे, पानावर नाही. ग्राहक कुपी हातात घेण्यापूर्वी पान वाचतो.

एका कंपनीच्या मर्जीवर आपला व्यवसाय अवलंबून असावा काय, असाही प्रश्न काही बंधू विचारतात. प्रश्न रास्त आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये, शोधाच्या निकालांत पक्षपात केल्याबद्दल गूगलला सुमारे १३५ कोटी ८६ लाख रुपयांचा दंड ठोठावला होता. चेन्नईची एक विवाहविषयक संकेतस्थळांची कंपनी आणि ग्राहकहितासाठी काम करणारी एक संस्था यांच्या तक्रारींवरून तो निर्णय झाला. तेव्हा ही कंपनी धुतल्या तांदळासारखी आहे असे मी म्हणत नाही. पण माझ्या ८४ गावांच्या पानांचे समर्थन त्यामुळे होत नाही. शिवाय या गावाने एके काळी वेगळेही पाहिलेले आहे. पुराणिक घराण्याने १८७२ मध्ये पनवेलला सुरू केलेल्या धूतपापेश्वर औषधशाळेचे नाव देशभर गेले, त्या काळी शोधयंत्र तर नव्हतेच, दूरध्वनीही नव्हता. 'पनवेलचा वैद्य' या दोन शब्दांना जी किंमत आहे ती आमच्या आधीच्यांनी कमावलेली आहे. मी ती दरमहा १२ हजारांत भाड्याने दिली होती.

आता संघटनेपुढे एक सूचना ठेवतो. आगामी सर्वसाधारण सभेत तिच्यावर चर्चा व्हावी. सभासदांच्या संकेतस्थळावरील मजकूर प्रसिद्धीपूर्वी दोन वैद्यांनी वाचून द्यावा, अशी एक लहानशी समिती नेमावी. समितीने भाषा सुधारू नये, सजावट पाहू नये. फक्त चार गोष्टी पाहाव्यात. दावा १९५४ च्या अधिनियमात बसतो का, चालू उपचार बंद करण्यास कोणी प्रवृत्त होईल असे काही आहे का, लेखकाचे नाव व महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक पानावर आहे का, आणि मजकूर स्वतःचा आहे का. दुसरे, "पहिल्या क्रमांकाची हमी" अशा जाहिराती आपल्या या त्रैमासिकाने घेऊ नयेत. त्यांचे उत्पन्न कमी नाही हे मी जाणतो, आणि कोषाध्यक्ष माझे मित्र आहेत हेही जाणतो. तथापि ज्या संस्थेशी मी करार केला तिची जाहिरात मी याच पानांत वाचली होती.

माझ्या संकेतस्थळावर आज १९ पाने आहेत. सर्व मी लिहिलेली, बहुतेक रविवारी दुपारी. मधुमेहाच्या पानावरील पहिले वाक्य "इन्सुलिन अथवा चालू औषधे वैद्याला विचारल्याशिवाय थांबवू नका" असे आहे. उरणचे ते गृहस्थ अजून येतात, दर दोन महिन्यांनी, मुलाबरोबर. इन्सुलिन चालू आहे, मात्रा थोडी उतरली आहे. ती उतरविली त्यांच्या मधुमेहतज्ज्ञांनी, माझ्याशी बोलून.

माझे दोन्ही अर्ज, नाकारलेला आणि स्वीकारलेला, यांच्या प्रती मी संघटनेच्या कार्यालयात ठेवल्या आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी तेथे बसून वाचावेत. नाकारलेला आधी वाचावा.